आईला वाचून दाखवलेल्या चिनी मालिका

ऑफिसात कुणाला तरी पत्ता लागला की मी चिनी मालिका बघते, आणि तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत एक ना एक बाई डबा घेऊन माझ्या टेबलाशी येऊन बसते. मॅडम, हमें भी कुछ बताइए ना. काय हवं, तर हलकंफुलकं हवं. रडवणारं नको, लांबण लावणारं नको, शेवट गोड हवा आणि हीरो गोरापान हवा. मग स्वतःच्या लग्नाची कॅसेट लाव की बाई, माझं डोकं कशाला खातेस? ओठांवर येतं, पण सरकारी नोकरी आहे, गिळते.

तरी एकदाच सांगून टाकते, म्हणजे सुटले. राजवाड्यातल्या मालिकेने सुरुवात करू नका. सत्तर-सत्तर भाग असतात आणि प्रत्येक भागात कुणीतरी कुणाच्या तरी सूपमध्ये विष कालवतं. एवढं विष पचवून त्या बायकांची लिपस्टिक तसूभर हलत नाही. देवलोकातल्या मालिकांचं तर नावच काढू नका. तिथे माणूस तीन जन्म घेतो आणि तिन्ही जन्मांत तितकाच बथ्थड राहतो. हीरोने मनगट धरून मुलीला फरफटत नेलं की आपण म्हणे पाघळायचं असतं. मला किळस येते. ती पाय घसरून पडते, तो झेलतो, दोघं गोल गोल फिरतात आणि तेच चार बाजूंनी दाखवतात, तेव्हा तर मी सरळ पुढे ढकलते. आणि हिंदी डबिंग लावणार असाल तर माझ्याशी बोलू नका. आजोबा आणि नातू एकाच माणसाच्या घशातून बोलतात.

बघायच्याच असतील तर साध्या घरातल्या मालिका बघा. गल्लीतलं दुकान, जिन्यात भांडणारे शेजारी, परीक्षेत आपटलेली मुलगी. त्यांत माणसं खरोखर जेवतात, वाडग्याला तोंड लावून. आपल्याकडच्यासारखं पोळीशी चाळा करत बसत नाहीत. या मालिका फार चांगल्या असतात. आणि नेमक्या त्याच मी नासवल्या. म्हणून आजकाल कुणी नावं विचारली की मला माझ्याच आवाजाची शिसारी येते.

मी दिल्लीत केंद्र सरकारच्या एका खात्यात अनुवादक आहे. इंग्रजी कागदांचं हिंदी करते. आमच्याकडे केलेला अनुवाद तसाच पुढे जात नाही. वरचा अधिकारी एका हातात मूळ कागद आणि दुसऱ्या हातात अनुवाद धरून ओळ न् ओळ ताडून बघतो, आणि पटलं तरच खाली सही करतो. इतक्या वर्षांत माझ्या कागदावर लाल शाई क्वचित उमटली. याचा मला भारी तोरा होता.

वडील गेले आणि आईला मी सांगलीहून आर. के. पुरमच्या आमच्या क्वार्टरमध्ये आणलं. सांगलीला तिचा दोन खोल्यांचा फ्लॅट, पहिला मजला, गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी. तिथे एकटी कशी राहणार, असं मी आणि पुण्यातल्या धाकट्या भावाने ठरवलं. तिला विचारलं नाही. ती आली ती आठ महिन्यांच्या बोलीवर आली. होळी झाली की मी जाणार, असं दर आठवड्याला एकदा तरी म्हणायची, आणि फ्लॅटची किल्ली तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात असायची.

इथे तिचं तोंडच बंद झालं. हिंदी येत नाही. माझा नवरा दिल्लीबाहेर मानेसरच्या फॅक्टरीत, सकाळी कंपनीच्या बसने जातो तो दिवेलागणीनंतर उगवतो. मी ऑफिसात. मराठी मालिका लावून द्यायला गेले तर म्हणाली, त्या सासवा-सुनांची मेली कटकारस्थानं बघून मला वीट आलाय, बंद कर. एका संध्याकाळी मी टॅबवर चिनी मालिका बघत होते. त्यात एक म्हातारी कणीक मळत होती. आई मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, पाणी जास्त झालंय तिचं. मग विचारलं, काय म्हणतेय गं ती?

तिथून सुरू झालं. खालच्या इंग्रजी ओळी मी मराठीत मोठ्याने वाचायची आणि आई ऐकायची. रोज ऑफिसातून आल्यावर चहाबरोबर एक भाग, रविवारी दुपारी दोन. आई पुन्हा बोलायला लागली. त्या मालिकांमधल्या माणसांना ती नावं ठेवायची, सल्ले द्यायची, ‘अगं, सांगून टाक की त्याला’ म्हणून हळहळायची. मला कृतकृत्य वाटायचं. आज ते आठवलं तरी तोंड कडू होतं.

कारण तिसऱ्या की चौथ्या मालिकेत एक म्हातारा दवाखान्यात वारला, अगदी माझे वडील गेले तसाच, नाकात नळ्या घालून. मी ती ओळच गाळली. म्हटलं, बरा झाला, गावी पाठवलाय त्याला. पडद्यावर त्याची बायको ऊर बडवून रडत होती. आईने विचारलं, मग ही का रडतेय? आनंदाने रडतेय, असं मी बिनदिक्कत ठोकून दिलं. आईने मान डोलावली. अगदी सोपं होतं. मग मला सवयच लागली. सून सासूला टाकून बोलली की मी तिच्या तोंडी गोड वाक्य घालायची. मुलगा आईला वृद्धाश्रमात सोडून आला की माझ्या मराठीत ती यात्रेला निघायची. ऑफिसात स्वल्पविराम हलवायला घाबरणारी मी घरी अख्खी माणसं बदलत होते.

दिवाळीनंतर पुण्याहून भावाने कुरिअरने एक कागद पाठवला. इंग्रजीत होता. फ्लॅट विकण्याचे सगळे अधिकार आईने त्याला दिले, असं मुखत्यारपत्र. गिऱ्हाईक त्याने बघून ठेवलं होतं. आईला विचारलं तर ती नाहीच म्हणणार, मग आयुष्यभर तिची तिकडे आणि आपली इकडे ओढाताण. सही होऊ दे, नंतर सांगू निवांत. हे त्याचं म्हणणं, आणि मला ते पटलं. नवऱ्याने मात्र या भानगडीत पडायला साफ नकार दिला. आईने चष्मा पुसून कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाली, वाच. मी वाचलं. सोसायटीच्या गच्चीची गळती काढायचीय, तुझ्या वतीने भाऊ सह्या करेल, एवढंच आहे. तिने पेन्सिलीच्या फुल्या बघून बघून सह्या केल्या. नोटरीकडेही माझा हात धरून आली.

सही केलेल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स ठेवायची, ही वडिलांनी तिला लावलेली शिस्त. सेक्टरच्या मार्केटमध्ये जाऊन ती झेरॉक्स मीच काढून आणली. तिने ती घडी न पाडता प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवली. मला तेव्हा काहीसुद्धा वाटलं नाही.

थंडी पडली. सकाळी अकराच्या सुमाराला क्वार्टर्सच्या मधल्या लॉनवर आसपासच्या मराठी बायका ऊन खात बसतात, कुणी मटार सोलतं, कुणी विणतं. आई तिथे जाऊ लागली आणि मालिकांच्या गोष्टी सांगू लागली. काय रंगवून सांगायची! बायका तिला विचारायच्या, काकू, आम्ही नवीन आहोत, आधी कुठली बघू? आई ऐटीत क्रम लावून द्यायची. तेव्हा आम्ही एक मालिका बघत होतो, लहान गावात शेवयांचं दुकान चालवणाऱ्या विधवा बाईची. तिची मुलं तिला शहरात नेतात आणि मागे तिचं घर गुपचूप विकतात. तो भाग आला तेव्हा मी सांगितलं, घर रस्त्यात गेलं गं, सरकारने घेतलं, मुलांनी फार खटपट केली पण वाचलं नाही. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, किती गुणी पोरं. दुसऱ्या दिवशी लॉनवर तिने जाहीर करून टाकलं की सुरुवात हिच्यापासूनच करा, मुलं कशी असावीत ते कळतं.

आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये सोलापूरच्या एक भाभी राहतात. त्यांचे मिस्टर केंद्राच्या नोकरीत, त्या स्वतः शाळेत शिकवतात. आईवर त्यांचा फार जीव. हिवाळ्याच्या सुट्टीत त्यांनी आईच्या शब्दाखातर ती मालिका सगळी बघून काढली. रविवार होता, म्हणून मीही लॉनवर होते, संत्रं सोलत. भाभींनी अगदी मायेने विचारलं, काकू, तुम्ही गुणी मुलं म्हणालात, पण त्यांनी तर तिला न सांगता घर विकलं ना? मग बाकीच्याही बोलू लागल्या. कुणाच्या लक्षात आलं की यात्रेला गेलेली म्हातारी वृद्धाश्रमात होती. कुणाच्या लक्षात आलं की गावी पाठवलेला म्हातारा मेला होता. कुणी हसलं नाही, उलट सगळ्या ओशाळल्या. काकूंचं वय झालंय, गल्लत होते, अशा नजरेने एकमेकींकडे बघत होत्या. आणि मी, सगळं ठाऊक असलेली मी, संत्र्याच्या शिरा काढत बसले. एवढी नीच मी दुसऱ्या कुठल्या दिवशी वागले नसेन.

आई शाल आवरून उठली. घरी आल्यावर म्हणाली, तो घराचा भाग लाव. लावला. वाच म्हणाली. या वेळी मी जसं होतं तसं वाचलं. संपल्यावर ती आत गेली, फोल्डर घेऊन आली आणि झेरॉक्स माझ्यासमोर ठेवली.

“आता हा वाच. लिहिलाय तसा.”

मी वाचला. सदर सदनिका विकणे, किंमत ठरवणे, रक्कम स्वीकारणे, ताबा देणे, माझ्या नावे सर्व कागदांवर सही करणे. चार पानं होती. माझा ऑफिसातला स्वच्छ, सपाट आवाज मला ऐकू येत होता आणि त्याची घाण वाटत होती. आई प्रत्येक पानाच्या खालची स्वतःची सही बोटाने दाबून बघत होती.

“सगळं झालं?” तिने विचारलं.

“हो.”

“मागच्या वेळी अर्ध्या मिनिटात झालं होतं गं.”

मी तुझ्या काळजीपोटी केलं वगैरे बोलायला तोंड उघडलं, पण ते वाक्यही मला माझ्या मराठी अनुवादातलंच वाटलं. मिटून घेतलं. आई त्या दिवशी जेवेल असं मला वाटलं नव्हतं. ती जेवली, ताट धुऊन ठेवलं, आणि भावाला फोन करून सांगितलं की कागद रद्द कर, मी घरी येतेय. तो बराच वेळ बोलत राहिला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

कागद रद्द झाला. गिऱ्हाईक गेलं, भाऊ माझ्यावर अजून डूख धरून आहे. होळीची वाट न बघता मी तिला सांगलीला पोचवून आले. कढीपत्ता जिवंत होता. खालच्या मजल्यावर एक निवृत्त बाई राहतात, शाळेत इंग्रजी शिकवायच्या, आईने ठेवायला दिलेल्या दुसऱ्या किल्लीने येऊन त्या पाणी घालत होत्या. निघताना मी वाकून नमस्कार केला तेव्हा आईने पाठीवर हात ठेवला, पण तो नेहमीसारखा फिरवला नाही.

तीन आठवडे फोनवर फक्त तब्येत आणि हवा. मग एका संध्याकाळी तिचा फोन आला. म्हणाली, ती शेवयावाल्या बाईची मालिका अर्धीच राहिलीय, तू वाचशील का? मला हुंदकाच आला. मी टॅब लावला, वाचायला सुरुवात केली, पहिली चार वाक्यं झाली आणि फोनमधून दुसराच आवाज आला, “बरोबर आहे.” खालच्या बाई होत्या. आईच्या शेजारी बसून स्वतःच्या टॅबवर तोच भाग लावून त्या ओळी ताडून बघत होत्या. आईने त्यांना तेवढ्यासाठी चहाला बोलावलं होतं. रोज बोलावते.

आता असंच चालतं. मी इथे क्वार्टरमध्ये वाचते, तिकडे तपासलं जातं. परवा शेवटचा भाग होता. शहरातल्या एका खोलीत ती बाई एकटी मरते. खाली ओळ आली आणि मी टॅब थांबवला. फोनवर दोघी थांबल्या होत्या. मग मी वाचलं, तिने कुणालाही हाक मारली नाही.

“बरोबर आहे,” बाई म्हणाल्या.

“हं,” आई म्हणाली, “पुढे वाच.”