पाच नंबरची खाट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरच्यांना नाही, देवापुढेसुद्धा नाही — त्याला ठाऊक असणारच म्हणा. आज तुम्हाला का सांगतेय? मलाही कळत नाही. ऐका झालं.

मी परळच्या एका हॉस्पिटलात नर्स होते, कॅज्युअल्टीत. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. मोर्चे, हरताळ, लाठ्या, कधी गोळ्या — आणि जखमी सगळे आमच्या दारात. पाळी दुपारी दोनला बदलायची. जाणारीने येणारीला एकेक पेशंट सांगायचा, उभ्या उभ्या, तोंडी. लिहायला सवड कुणाला होती?

माझ्यानंतर कुसुम यायची. आम्ही क्वार्टर्समध्ये एकाच खोलीत राहायचो. मला ताई म्हणायची. माझा भाऊ सत्याग्रहात तुरुंगात गेला तेव्हा जेवताना ती बोलून गेली, "दगड मारले की मार बसणारच, ताई." बस्स. मी अबोला धरला. आमच्या घराण्यात अबोला धरला की वर्ष-वर्ष सुटत नाही, आणि त्याचा आम्हाला अभिमान. पाळी देतानासुद्धा मी तिच्याशी बोलत नसे. वॉर्डातल्या गंगूबाई आयेला मी मध्ये उभं करायचे — "गंगूबाई, सांगा त्यांना, दोन नंबरला टाके घातलेत." आणि कुसुम दोन हातांच्या अंतरावर उभी राहून सगळं ऐकतेय! हसू येतं ना? गंगूबाईलाही यायचं.

त्या दिवशी सकाळपासून जखमींची रीघ लागली होती. पाच नंबरच्या खाटेवर एक विणकर होता, लालबागच्या चाळीतला, तिशीचा. मांडीत गोळी. डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकलेले, रक्त थांबेना, म्हणून एक वाजता मीच त्याच्या मांडीला रबरी पट्टी आवळली. ती थोड्या थोड्या वेळाने सैल करावी लागते, नाहीतर पाय मरतो. दीडला मी ती सैल करून पुन्हा बांधली. त्याला झोपेचं इंजेक्शन दिलं, वरून लाल ब्लँकेट घातलं. पट्टी झाकली गेली.

दोन वाजले. मी गंगूबाईला एकेक खाट सांगत चालले. चारपर्यंत आलो तोच दारात स्ट्रेचर आलं आणि गंगूबाई तिकडे धावली. आता मध्ये कुणीच नाही. मग कुसुमनेच अबोला मोडला. म्हणाली, "ताई, पाच नंबरचं काय?"

मी तोंड फिरवलं आणि निघाले.

विसरले का मी? इतकी वर्षं स्वतःला हेच सांगत आले — गर्दी होती, पाय गळाले होते, राहून गेलं. साफ खोटं. बाहेर आवारातल्या नळावर हात धुताना मला पट्टी आठवली. चांगली आठवली. वीस पावलं मागे जायचं होतं. पण गेले असते तर तिच्याशी बोलावं लागलं असतं ना? मनात म्हटलं, बघेल की ब्लँकेट उचलून, नर्स आहे ना ती? आणि — हेही सांगून टाकते — चुकली तर चुकू दे, अद्दल घडेल, असंही आलं मनात. त्या माणसाच्या पायाचा विचारच केला नाही मी. पदराला हात पुसले, खोलीवर जाऊन जेवले.

जखमींची रीघ दिवसभर थांबली नाही; संध्याकाळी सातला डॉक्टरांना सवड झाली तेव्हा त्यांनी ब्लँकेट काढलं. पाय काळानिळा पडला होता. मांडीपासून कापावा लागला.

चौकशी झाली. मेट्रनसमोर मी म्हणाले, "मी सांगितलं होतं." गंगूबाई म्हणाली, "मी तेव्हा स्ट्रेचरपाशी होते." कुसुम माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही बोलणार. ती म्हणाली, "ताई म्हणतात तर सांगितलं असेल. माझ्याच कानावरून गेलं असेल."

तिला काढून टाकलं. ती ट्रंक भरत होती तेव्हा मी खिडकीकडे तोंड करून उभी होते. तेव्हाही बोलले नाही. कसल्या तोंडाने बोलणार?

पुढे मी वॉर्डची मुख्य सिस्टर झाले. नियम केला — पाळी बदलताना दोघींनी मिळून खाटेखाटेपाशी जायचं, ब्लँकेट उचलायचं, जाणारीने सांगायचं, येणारीने तेच परत म्हणून दाखवायचं, मगच जाणारीने पाऊल बाहेर टाकायचं. भांडण असलं तरी. पोरी कुरकुरायच्या, सिस्टरांचा कुणावर म्हणून भरवसा नाही. हळूहळू बाकीच्या वॉर्डांनीही तो नियम उचलला. निवृत्त झाले तेव्हा त्याबद्दल भाषणं झाली, हार घातला. मी घालून घेतला.

आणि तो विणकर? महाराष्ट्र झाला त्या आठवड्यात तो कुबड्या टेकत आला, पेढ्यांचा पुडा घेऊन. गिरणीतली नोकरी सुटली होती त्याची. साच्यावर, म्हणजे मागावर, दिवसभर उभं राहायला दोन पाय लागतात. म्हणाला, "त्या दुसऱ्या बाईंनी घात केला माझा. तुम्ही पट्टी बांधलीत म्हणून जीव तरी वाचला, बाई."

एका वाक्याचं काम होतं. तो पेढा पुढे धरून उभा होता. मी तो खाल्ला, आणि गोड आहे म्हणाले.