क्रेन ओरडली नाही ती दुपार

करकोचा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. उंच, किडकिडीत अंग आणि त्यावर ही एवढी लांब मान. बांधकामावरच्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात बारसं उरकून टाकलं. त्यात माणूस क्रेन चालवणारा. दिवसभर क्रेनच्या उंच लोखंडी मनोऱ्याच्या टोकाला काचेच्या केबिनमध्ये बसायचं आणि मान पुढे काढून खाली बघायचं. नाव चिकटायला आणखी काय लागतं? पुढे पुढे बायकोसुद्धा चिडली की म्हणायची, "आले का आमचे करकोचे उतरून?"

तर या करकोच्याला उंचीची भीती वाटत होती. हसू नका. उभ्या जन्मात कधी वाटली नव्हती, ती गेल्या वर्षी लागली आणि मग काही सुटेना.

झालं होतं असं. सळयांचा भारा वर चढत असताना वाऱ्याचा एक झोत आला आणि तो भारा झोपाळ्यासारखा हलून खाली उभ्या असलेल्या सिग्नलवाल्याच्या डोक्यावरून गेला. हा सिग्नलवाला म्हणजे करकोच्याचा जिवाभावाचा दोस्त. खालून हाताच्या खुणा करून क्रेन कुठे न्यायची ते सांगायचं हे त्याचं काम, म्हणून त्याचं नाव हातवारे. भारा जाऊन भिंतीला लागला, कोणाला खरचटलंसुद्धा नाही. हातवारेने हेल्मेट काढून वर बघितलं आणि दात दाखवले. झालं, संपलं! सगळे हसले आणि कामाला लागले. वर केबिनमध्ये करकोचा मात्र दांडे गच्च धरून डोळे मिटून बसला होता.

तेव्हापासून रोज सकाळी शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला की दुसरा पाय उचलता उचलायचा नाही. खाली बघितलं की जमीन हलायची. दुपारी जेवायला उतरायचं तर पुन्हा चढावं लागेल या धास्तीने तो डबा वरच खायचा. बोलला कोणाला? छे! बायकोला नाही, मुलीला नाही, हातवारेला तर नाहीच. क्रेनवाला आणि भित्रा? लोक काय म्हणतील? साहेब उद्याच्या उद्या खाली बसवेल. आणि खाली बसलेल्या करकोच्याला विचारतो कोण?

आता एक गोष्ट समजून घ्या, कारण सगळा घोळ तिथेच झाला. काम संपल्यावर क्रेनचा फिरण्याचा ब्रेक मोकळा सोडून यावं लागतं. ऐकणाऱ्याला उलटं वाटतं. आपण गाडी लावली की ब्रेक ओढतो. पण क्रेनचं तसं नाही. तिचा लांब हात वारा नेईल तिकडे फिरू द्यायचा. मोकळी क्रेन वाऱ्याला पाठ देऊन निवांत राहते. अडकवून ठेवली तर ती उभीच्या उभी वाऱ्याशी कुस्ती खेळते, आणि कुस्ती हरली की पडते. ही क्रेन जुनी. मोकळी सोडली की वाऱ्यावर फिरताना करकरायची. कर्र... कर्र... मनोऱ्याच्या पायथ्याशी कामगारांच्या खोल्यांची रांग होती. तिथल्या तान्ह्या पोरांना त्या आवाजाशिवाय झोप येत नसे.

त्या दिवशी अर्धा दिवस काम होतं. दुपारी काम थांबलं, साहेब आणि दुसरा क्रेनवाला आपापल्या घरी गेले, आणि करकोचा जीव मुठीत धरून उतरला. घाईने उतरला. खाली पाय टेकल्यावर त्याला जे हायसं वाटलं, त्यात त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

त्याच रांगेतल्या त्याच्या खोलीत मुलगी वाटच बघत होती. ती शिक्षिकेचं शिक्षण घेत होती, इंग्रजी शिकवणार होती, आणि म्हणून घरात सगळे तिला आत्ताच 'बाई' म्हणायचे. सोमवारी तिला वर्गासमोर पहिला पाठ द्यायचा होता: एका शब्दाची गोष्ट. सरावाला विद्यार्थी हवा होता. करकोच्याला तिने लोखंडी पलंगावर बसवलं.

"हात वर करून बोलायचं हं, बाबा. क्रेन म्हणजे काय?"

"अगं, मला विचारतेस? जन्म गेला माझा तिच्यात!"

"हात वर."

करकोच्याने हात वर केला. "सामान उचलायचं यंत्र, बाई."

"चूक. खाली बसा."

"बसलोच आहे की!" आतून बायको हसली.

"क्रेन म्हणजे मुळात पक्षी," बाई सांगू लागली. "इंग्रजीत हे आधी पक्ष्याचं नाव, आपल्या करकोच्याच्या जातीतल्या. यंत्राला ते नंतर मिळालं. जुन्या काळी दगड चढवायला लाकडी यंत्रं करायचे, ती या लांब मानेच्या पक्ष्यासारखी दिसली, म्हणून तेच नाव दिलं. पुढे त्याचं क्रियापद झालं: मान लांब करून बघणं. आणि पेडिग्री म्हणतात ना, घराण्याची वंशावळ, तो शब्दसुद्धा याच पक्ष्याच्या पायावरून आलाय. फ्रेंचमधून. वंशावळीच्या रेघा त्याच्या पावलाच्या ठशासारख्या दिसतात."

"म्हणजे मी पक्षी, माझं यंत्र पक्षी, आणि माझं खानदान त्याच्या तंगडीत! वा, बाई!"

"ऐका तर. खरी गंमत पुढेच आहे. त्या पक्ष्याला ते नाव कशावरून पडलं असेल? मानेवरून? पायांवरून?"

"मानेवरून. दुसरं काय आहे आमच्याकडे?"

"नाही. आवाजावरून! घोगरं, कर्कश ओरडतो म्हणून. मूळ शब्दाचा अर्थच तो. आपला करकोचासुद्धा तसाच झाला असणार, करकर करतो म्हणून. हा मात्र माझा अंदाज. आता मी मुलांना विचारणार, असा आवाज तुम्ही कुठे ऐकलाय? आणि मग सांगणार, आमच्या बाबांची क्रेनसुद्धा अगदी अशीच..." ती थांबली. खिडकीचा पडदा फडाफडा उडत होता, बाहेर कोणाची तरी बादली गडगडत गेली. "अगंबाई, इतका वारा सुटलाय, आणि आज ओरडत कशी नाही?"

करकोच्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो कान देऊन ऐकत राहिला. वारा होता, पत्रे वाजत होते, कुत्रं भुंकत होतं. कर्र नव्हतं.

ब्रेक!

तो अनवाणी बाहेर धावला. वर बघितलं. क्रेनचा लांब हात वाऱ्याला आडवा, जसा त्याने सोडला होता तसाच. हलत नव्हता, नुसता थरथरत होता. आणि खाली खोल्यांची रांग, दारात भाजी निवडणाऱ्या बायका, खेळणारी पोरं. हातवारेच्या दारावर त्याने दोन्ही हात आपटले आणि एवढंच म्हणाला, "सगळ्यांना बाहेर काढ. ब्रेक मोकळा करायचा राहिला माझ्याकडून."

हातवारेने आपला वॉकीटॉकी करकोच्याच्या खिशात कोंबला आणि ओरडत सुटला. करकोचा मनोऱ्याकडे पळाला.

ते चढणं कसं झालं ते त्यालाही धड सांगता येत नाही. शिडी दुपारच्या उन्हाने तापली होती आणि घामाने हातातून निसटत होती. मनोरा हलत होता, हे त्याला तळव्यांतून कळत होतं. प्रत्येक टप्प्यावर वाटायचं, बस, इथेच बसावं, डोळे मिटावे. मग तान्ही पोरं आठवायची आणि तो स्वतःला एक सणसणीत शिवी द्यायचा, अन् पुढे सरकायचा. केबिनमध्ये तो गुडघ्यांवरच शिरला. ब्रेकचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि ओढून मोकळा केला.

आधी काहीच झालं नाही. मग सगळी केबिन कण्हली, आणि तो लांब हात सावकाश वाऱ्याबरोबर वळू लागला. कर्र... कर्र...

करकोचा रडला. आणि रडता रडता त्याने खाली बघितलं.

केबिन फिरत होती, त्यामुळे जमीन फिरत होती, खोल्या फिरत होत्या, मैदानात जमलेली माणसं फिरत होती. त्यात मान वर करून उभी असलेली बाई दिसली. त्याचे पाय गेले. सरळ गेले, जणू त्याचे नव्हतेच. उठायला गेला, जमेना. शिडीकडे बघवेना. वॉकीटॉकीवरचं बोलणं खालच्या कर्ण्यावरून साइटवरच्या प्रत्येकाला ऐकू जायचं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पंधरवडाभर हसतील. तरी त्याने बटण दाबलं.

"हातवारे... मला उतरता येत नाहीये." आवाज इतका घोगरा आला की खाली बायकोला तो ओळखू आला नाही. "मला भीती वाटतेय रे. फार भीती वाटतेय. वर्षभर वाटतेय."

मग हातवारे शिडीला लागला. हा माणूस आयुष्यात कधी वर चढला नव्हता. तो केबिनच्या दाराशी आला तेव्हा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडलेला.

"चल," तो म्हणाला. "मी खालच्या पायरीवर राहतो. तुझा पाय मी ठेवतो पायरीवर. तू फक्त लोखंड सोडू नकोस."

एकेक पाय धरून त्याने करकोच्याला उतरवलं. मधल्या टप्प्यावर दोघे धापा टाकत एकमेकांना धरून बसले. डोक्यावर क्रेन करकरत होती.

"त्या दिवशी सळया तुझ्या डोक्यावरून गेल्या," करकोचा म्हणाला. "तू हसलास. आणि मी तेव्हापासून..."

"हसलो?" हातवारे म्हणाला. "अरे वेड्या, हसलो कुठे? दात वाजत होते माझे. अजून वाजतात, तू भारा उचललास की."

"मग बोलायचं नाहीस का, मेल्या?"

"तू बोललास?"

करकोचा त्यानंतर वर गेला नाही. साहेबांनी आरडाओरडा केला, पण खाली खुणा करायला माणूस हवाच होता, आणि आता दोघे मिळून हात हलवतात. लोकांनी त्याला चिडवलं, नाही असं नाही. नाव मात्र करकोचाच राहिलं. मान वर करून बघत असतो ना दिवसभर! बाईचा पाठ झाला, चांगला झाला म्हणे. दुपारची ती गोष्ट तिने वर्गाला सांगितली नाही.

भीती गेली का? कसली जाते! वारा सुटला की तो दाराबाहेर येऊन उभा राहतो आणि कर्र ऐकू आल्याशिवाय आत जात नाही. मध्ये एकदा वारा वाहत असूनही बराच वेळ आवाज आला नाही, तेव्हा त्याने रांगेतलं दार अन् दार ठोकून सगळ्यांना मैदानात काढलं. क्रेन मोकळीच होती, नुसतं चाकाला नवं ग्रीस घातलं होतं. कोणी हसलं नाही. सगळ्यात आधी आपली पोरं कडेवर घेऊन हातवारे बाहेर आला होता.