कार्बन खात्यातला कॉम्प्युटर

वालीवच्या ज्या कारखान्यात मी काम करते, तिथे रबराचे वायसर आणि पट्ट्या बनतात. रबराला काळा रंग आणि ताकद येते ती कार्बनच्या पावडरीमुळे. पिठापेक्षाही बारीक पावडर. मिक्सिंग खात्यात ती हवेतच असते. इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा करून मी लागले ती या खात्यातला नवा कॉम्प्युटर सांभाळायला. कुठल्या मालात कार्बन किती, तेल किती, हे तो मोजून मशीनला सांगायचा. माल एकसारखा निघू लागला होता आणि मला त्या कॉम्प्युटरचं भलतंच कौतुक होतं.

पण तो टिकेना. कार्बनमधून वीज वाहते. कॉम्प्युटरच्या पंख्यातून पावडर आत जायची, सर्किटवर बसायची आणि एक दिवस सगळं ठप्प. दुसरा आणला, तोही तसाच गेला. तिसऱ्यानं मान टाकली तेव्हा शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि शांतपणे सांगितलं, की आता पूर्वीसारखा काट्यावर माल मोजू, हा नाद सोडून देऊ. मी थोडी मुदत मागितली. मुदतीत नेमकं काय करणार, हे मलाही ठाऊक नव्हतं.

माझ्या ताईचं गोखिवऱ्यात पत्र्याच्या कामाचं वर्कशॉप आहे. लग्नानंतर भावोजींकडून ती वेल्डिंग शिकली आणि आता निम्मं काम तीच बघते. तिनं मला जाड पत्र्याची पेटी करून दिली, दाराला रबरी पट्टी, वायरींची भोकं सोडली तर कुठे फट म्हणून नाही. तिसरा कॉम्प्युटर दुरुस्त करून आत ठेवला. पावडर शिरली नाही, पण जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो तापून बंद पडला. मग गरम हवा बाहेर फेकायला पेटीला पंखा लावला. त्यानं वायरींच्या भोकांतून सगळा कार्बन आत ओढून घेतला. पेटी उघडून आम्ही दोघी बघत राहिलो.

"बंद ठेवली तर उकडतं, उघडी ठेवली तर माखतं," ताई म्हणाली. "आता तूच सांग काय करायचं ते."

त्याच आठवड्यात माझी स्कूटर पंक्चर झाली. नाक्यावरच्या पंक्चरवाल्यानं ट्यूब फुगवून पाण्यात बुडवली. भोकातून बुडबुडे बाहेर येत होते, पण पाणी आत जात नव्हतं. आतली हवा त्याला येऊच देत नव्हती. मी तिथूनच ताईला फोन लावला.

"ताई, पंखा उलटा लावायचा. हवा बाहेर ओढायची नाही, आत ढकलायची."

पलीकडचा ग्राइंडर थांबला. तिनं विचारलं, "आणि ढकलायला चांगली हवा आणणार कुठून? तुमच्याकडे तर सगळी काळीच."

कारखान्यामागे मोकळं रान आहे. तिथून भिंतीतून पाइप आणायचा, तोंडाशी एक जाड आणि एक बारीक फिल्टर लावायचा, मध्ये ब्लोअर. स्वच्छ हवा पेटीत शिरेल, कॉम्प्युटर गार करील आणि भोकांतून जोरानं बाहेर पडेल. मी बोलतच सुटले होते. स्कूटर तयार होऊन कधीची उभी होती.

रविवारी खातं बंद असताना आम्ही ते सगळं बसवलं. ब्लोअर सुरू केला. ताईनं टिश्यू पेपरची एक पट्टी वायरीच्या भोकाशी धरली. ती बाहेरच्या बाजूला फडफडली. मग तिनं ती बिजागरीपाशी धरली, कुलपापाशी धरली, दाराच्या कडेनं फिरवली. सगळीकडे बाहेरच. तिनं पट्टी माझ्या हातात दिली आणि खाली बसून हसायला लागली. मी नाचायचीच बाकी होते.

पुढे कितीतरी दिवस मी सकाळी आल्या आल्या पेटीवर हात ठेवायचे. गारच असायची. शेवटी शेठसमोर ती उघडायचं ठरलं. खात्यातले सगळे जमले. मी पांढरा नॅपकिन आतून फिरवला, सर्किटच्या कडेनंही फिरवला आणि उलगडून धरला. डाग नव्हता. शेठनी तो हातात घेऊन उजेडात पाहिला आणि म्हणाले, की काटा आता गोडाऊनमध्ये टाका. मला इतका आनंद झाला की पेटीचं दार लावायचंच विसरले.

ते दार मिक्सर चालवणाऱ्या काकांनी लावलं. आयुष्य त्यांनी या खात्यात काढलेलं. दारावर हात तसाच ठेवून ते म्हणाले, "मॅडम, अशीच एक मोठी पेटी करा ना. मला बसायला."

कोणीतरी हसलं. काका हसले नव्हते. शेठनी मला विचारलं, "होईल?"

बाहेर येऊन मी ताईला फोन केला. मोठा ब्लोअर लागेल, काच लागेल, म्हणजे आत बसून मशीन दिसेल, असं माझं चालू होतं. तिनं मध्येच तोडलं आणि टेप घेऊन निघाल्याचं सांगितलं. दुपारी आम्ही दोघी खात्याच्या फरशीवर खडूनं केबिनच्या रेघा मारत होतो. काका त्या रेघांच्या आत खुर्ची टाकून बसले आणि दार डाव्या हाताला हवं म्हणाले. ताईनं रेघ पुसली आणि दुसरी मारली.