पंपाचे पडदे

काल कुकरची नवी रिंग पाकिटातून काढली आणि कोऱ्या रबराच्या वासासरशी मसोलीच्या घरातली एक दुपार परत आली.

ऑपरेशननंतर ह्यांच्या गळ्यात नळी बसवली होती. तिच्यातला कफ ओढून काढणारा पंप त्या दिवशी नुसताच घरघरत राहिला. डहाणूहून मेकॅनिक जयेशभाई आले. झाकण उघडून त्यांनी आतले चिरलेले रबरी पडदे दाखवले. "भाभी, डायाफ्राम फाटले. पंप हवा खेचणार कसा?"

ते नवे पडदे बसवत होते, तोवर इकडे ह्यांच्या छातीत कफ खरखरत होता. मी भेदरून पाठ चोळत बसले होते. तेवढ्यात आवाज फुटावा म्हणून ह्यांनी नळीवर बोट दाबलं आणि फाटक्या आवाजात विचारलं, "तू जेवलीस?"

"हो," मी म्हटलं. ओट्यावर भात तसाच निवत पडला होता.

पंप सुरू झाला, कफ निघाला, हे शांत झोपले. "आता वर्षभर बघायला नको," जयेशभाई म्हणाले. मला केवढं हायसं वाटलं. पण पावसाळ्याआधीच हे गेले.

पंप चालू झाला, हीच तेव्हा त्या दुपारची मोठी गोष्ट वाटली होती. आता आठवतो तो ह्यांचा प्रश्न. हल्ली मी वेळेवर जेवते, आणि जेवले हे सांगायला घरात कुणी नसतं.