जगताप काकांचा रविवारचा रस्ता

मी पाया लेबार भागातल्या माझ्या ऑफिसात होते, तेव्हा जगताप काकूंचा फोन आला. "अगं, गेले हे…" एवढंच. जगताप काकांना जाऊन आता पाच आठवडे झाले. आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायचे. चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेतून निवृत्त झालेले, आणि नात्याने माझे कुणीच नव्हेत.

तीनेक वर्षांपूर्वी एक्स्प्रेसवेवर माझ्या गाडीला धडक बसली, तेव्हा मागच्या सीटवर माझी लेक होती. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण पुढे वर्षभर मी स्टिअरिंगला हात लावला नाही. एका रविवारी सकाळी काका दारात हजर. "चल, मला शेळ्या बघायच्यात." मी गाडी काढली. एक्स्प्रेसवे टाळून, सिग्नल-सिग्नल करत, आतल्या रस्त्यांनी आम्ही शहराबाहेर, लिम चू कांगच्या शेतांकडे पोचलो. उंचवट्यावरून जाणारा तो रस्ता सोपा, जवळजवळ रिकामा. खाली भाज्यांचे मळे, झाडांआडून चमकणारा जलाशय आणि शेवटी शेळ्यांचा फार्म. "डावीकडे काय दिसतंय?" काका सारखं विचारायचे. मला वाटायचं, माझी भीती घालवायला विचारतात. चौथ्या रविवारी मी वैतागून म्हटलं, "काका, तुम्हीच बघा ना." ते म्हणाले, "मला आता समोरचं दिसत नाही गं, कडेकडेचं थोडं दिसतं. लायसन्स देऊन टाकलं मी. तुला धीर हवाय, मला डोळे… जमेल की आपलं."

दोन वर्षं जमलं. मी पालकाचे वाफे सांगायचे, तारेवरचा खंड्या सांगायचे. फार्मवर शेळीच्या दुधाची बाटली हातात धरून काका लहानपणचा सासवडचा माळ सांगायचे. तिथे त्यांनी शेळ्या राखल्या होत्या. बँकेतल्या इतक्या वर्षांत हे कुणापाशी बोलले नव्हते.

मग एका दुपारी त्यांना अचानक हॉस्पिटलात हलवलं. आतल्या रस्त्यांनी फार उशीर झाला असता. काकूंना मागे बसवलं आणि मी एक्स्प्रेसवेला लागले. सबंध वाट डावी लेन सोडली नाही… वॉर्डात काकांनी माझा आवाज ओळखला. "कशी आलीस?"

"एक्स्प्रेसवेने."

"अरे वा!" त्यांनी हात पुढे केला, माझ्यापासून जरा बाजूला. मी तो धरला. त्यानंतर तिसऱ्या दिवशी तो फोन आला.

गेल्या रविवारी काकू म्हणाल्या, "मलाही ने तिकडे." पहिल्यांदाच त्या माझ्या शेजारी बसल्या. काकू बुटक्या, आणि सीट काकांच्या लांब पायांसाठी पार मागे सरकवलेली.

"पुढे घेऊ का?" मी विचारलं.

"नको गं… राहू दे अशीच."