भिंतीपल्याडचा ठसका

सोनारीच्या गजराबाईंचा राग आणि त्यांचा खवा, दोन्ही मंद आचेवर आटतात. कुणी वाकडं वागलं तर त्या भांडत नाहीत. "असू दे," एवढंच म्हणतात. ते ऐकलं की शहाणी माणसं घरी जाऊन आपल्या हातून काय घडलं ते आठवत बसतात. एका शेजारणीनं त्यांच्या म्हशीला अपशकुनी म्हटलं होतं. बाईंनी तिला चारचौघींत त्याच म्हशीच्या दुधाचा चहा आग्रहानं पाजला आणि कप रिकामा झाल्यावर दूध कुणाचं ते सांगितलं. त्यांचे यजमान बिरदेव गावातले सर्वांत सालस गृहस्थ आहेत. अशा घरात दुसरं काही होण्याची सोयच नसावी.

बाईंचा सर्वांत जुना "असू दे" मात्र बरीच वर्षं आटत होता. तो होता धाकटा दीर महारुद्र याच्या नावाचा. भाऊ वेगळे झाले तेव्हा खव्याचं शेडही दोन झालं. मधली भिंत महारुद्रनं स्वतः बांधली. भावाकडून विटेचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. संशय यायला हवा होता तो तेव्हाच.

त्यानंतर बाईंचा खवा करपू लागला. दरवेळी कढईच्या पलीकडच्या कडेला. कितीही हलवा, त्या अंगाला दूध लागायचंच. महारुद्र पेढेवाल्यांना सांगायचा, "वैनीचा हात बिघडला बघा. वय झालं. तुमी आपला माझा खवा न्या." पेढेवाले तिकडं वळले. लोकांनी खवा घेतला नाही याचं बाईंना एवढं वाटलं नाही. हात बिघडला म्हणाला, ते मात्र काळजात रुतलं. एरवी निर्धास्त असलेली ही बाई आपल्याच तळव्याकडं संशयानं बघायला लागली.

उलट महारुद्रच्या भट्टीची कीर्ती अशी, की ती म्हणे सरपण नुसतं हुंगून पेटते. ही कीर्ती ऐकूनच शिवरंजनी आली. पोरगी मूळची जळकोटची, इंजिनिअरिंग कॉलेजात ज्वाळांवर संशोधन करणारी. तिच्याजवळ लाइट फील्ड कॅमेरा होता. साधा कॅमेरा उजेड किती आला तेवढंच टिपतो. याच्या पोटात बारीक भिंगांची जाळी असते, त्यामुळं उजेड कुठल्या दिशेनं आला तेही त्याला कळतं. मग एकाच फोटोतून कॉम्प्युटर ज्वाळेची लांबी, रुंदी, खोली, सगळा देह उभा करतो आणि आच कुठं किती तेही रंगात दाखवतो.

"तुलनेसाठी एक साधी भट्टीही लागेल," ती म्हणाली.

"वैनीची घ्या की!" महारुद्र हसला. "तिच्यापुढं माझी चांगली उठून दिसंल."

"असू दे," बाई म्हणाल्या.

दोन्ही भट्ट्या पेटल्या. शिवरंजनीनं आधी बाईंच्या भट्टीच्या तोंडाशी कॅमेरा लावला. लॅपटॉपवर ज्वाळ उभी राहिली, तेव्हा तिच्या कपाळाला आठी पडली.

"मावशी, ही ज्वाळ सरळ नाही."

"आंधळी का काय गं तू? समोर दिसतीय की उभी!"

"समोरून उभीच दिसते. आता बाजूनं बघा." तिनं पडद्यावरची ज्वाळ फिरवली. ज्वाळ मागच्या मागं, भिंतीकडं चांगली वीतभर झुकली होती. "आणि इथं ती एकदम तुटते. म्हणजे आत कुठंतरी जाते. भिंतीत भोक आहे का?"

भट्टी विझल्यावर बिरदेवनी काजळी खरवडली. भोक निघालं, चांगलं मुठीएवढं. पलीकडं महारुद्रची भट्टी आणि तिचं धुराडं. ते बाईंच्या भट्टीतली आच ओढून त्याच्या कढईखाली नेत होतं. सरपण बाईंचं, खवा त्याचा, करपट कड तेवढी बाईंच्या वाट्याला.

सालस बिरदेवसुद्धा लाल झाले. "बोळा घालतो आन् त्याला जाब इचारतो!"

"खबरदार," बाई म्हणाल्या, "भोकाला हात लावाल तर." आणि बऱ्याच वर्षांनी त्या मनापासून हसल्या. ते हसू पाहून शिवरंजनीनं कॅमेरा गुपचूप पिशवीत भरला.

कालभैरवाच्या यात्रेचा दिवस आला. महारुद्रच्या शेडात पेढेवाल्यांची झुंबड, भट्टी धडाडलेली. इकडं बाईंनी पाटीभर वाळल्या मिरच्या घेतल्या, मीठ-मोहरी टाकली आणि ती पाटी आपल्या भट्टीवरून शांतपणे ओवाळली. "लई वर्षं नजर लागलीय गं माझ्या भट्टीला," म्हणाल्या आणि पाटी आगीत रिकामी केली.

त्यांच्या शेडात कुणी शिंकलंसुद्धा नाही. पलीकडं मात्र आधी एक खोकला, मग दहा, मग पळापळ. पेढेवाले डोळे चोळत रस्त्यावर आले. मागून महारुद्र आला, नाकाडोळ्यांतून गंगा-यमुना.

"वैनी! बंद करा! मारता काय माणसं?"

"अगंबाई, भावजी! म्या तर नजर काढतीय. मिरच्या जाळून ठसका लागंना, म्हंजी लई जबर नजर. अजून एक पाटी लागंल."

"आमाला लागतोय की ठसका!"

"तुमाला?" बाईंनी चारचौघांकडं वळून डोळे मोठे केले. "मधी तुमीच बांधलेली भिंत हाय, भावजी. धूर भिंतीतनं कसा येईल? का हाय कुठं वाट? सांगा की समद्यांना."

महारुद्रनं भिंतीकडं पाहिलं. पेढेवाले बघत होते.

बाईंनी दुसरी पाटी उचलली. महारुद्र आत धावला, आणि थोड्याच वेळात भिंतीपलीकडून ओल्या मातीचे लपके बसल्याचा आवाज आला. बाई तो आवाज, डोळे मिटून, भजन ऐकावं तशा ऐकत होत्या.

मग राख उपसून त्यांनी नवी आच केली आणि कढई चढवली. दूध चारी बाजूंनी सारखं आटलं. पहिला गोळा त्यांनी केळीच्या पानावर ठेवला आणि पेढेवाल्यांच्या देखत सुजल्या डोळ्यांच्या दिरापुढं धरला.

"चाखा, भावजी. आन् मोठ्यानं सांगा, हात बिघडलाय का?"