डावखुऱ्या हाताची माशी

लग्न होऊन मी आगरदांड्याला आले तेव्हा मला एवढंच माहीत होतं की नवऱ्याची पहिली बायको वारली आहे. कशाने, कुठे, हे कोणी सांगितलं नाही. माझे वडील पेणला शिवणकाम करायचे. घरात आम्ही चार बहिणी, आणि मी चोविशी ओलांडलेली. मुलगा बिजवर असला तरी सरकारी नोकरीत आहे, यावर सगळ्यांचं समाधान झालं. स्वातंत्र्य मिळून तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती.

हे बंदर कचेरीत कारकून होते. कचेरी धक्क्यावर आणि तिच्यामागे चढावर आमचं दोन खोल्यांचं घर. दारात उभं राहिलं की सगळी खाडी दिसे आणि पलीकडे दिघीचा डोंगर. चौथ्या की पाचव्या दिवशी हे कचेरीतून आले, चहा घेतला आणि वाशाला टांगलेली एक लांब कापडी पिशवी खाली काढली. तिच्यातून बांबूची, तीन तुकडे जोडून होणारी काठी निघाली. तिला खाली एक पितळी चकरी.

"अंधार पडायच्या आत येतो," म्हणाले आणि खडकाकडे उतरून गेले.

गळ टाकून बसणारी माणसं मी पेणच्या खाडीवर पाहिली होती. ती गळाला गांडूळ लावतात आणि विडी ओढत बसून राहतात. ह्यांचं तसं नव्हतं. हे तिवरांच्या कडेला उभे राहून दोरी मागे टाकत, पुढे टाकत. ती डोक्यावरून लांबच लांब जाई आणि पाण्याला जेमतेम टेके. थोड्या वेळाने काठी वाकली. हातभर जिताडा असेल. ह्यांनी तो ओढत जवळ आणला, खाली बसून तोंडातून गळ सोडवला, दोन्ही हातांनी पाण्यात धरून ठेवला आणि सोडून दिला.

घरी आल्यावर मी विचारलं, "मासा सोडलात का?"

"हा खेळ आहे. साहेब असाच खेळायचा."

साहेब म्हणजे मीठखात्याचा एक गोरा अधिकारी. दर हिवाळ्यात तपासणीला यायचा आणि संध्याकाळी खाडीवर उभा राहायचा. ह्यांना त्यानेच शिकवलं. इंग्रज गेले तेव्हा तोही गेला, आणि जाताना काठी, चकरी, गळ घट्ट धरायचा एक चिमुकला लोखंडी शेगडा आणि सिगारेटचा चपटा पत्र्याचा डबा ह्यांना देऊन गेला. डब्यात आता बुचाच्या लाकडावर ओळीने चौदा गळ टोचलेले होते. प्रत्येकावर कोंबड्याच्या मानेची पांढरी पिसं, मध्ये जरीचे वेढे, वर खंड्याच्या पिसाची एक निळी रेघ.

"ह्याला माशी म्हणतात," हे म्हणाले. "पाण्यात ओढली की माशाला वाटतं, पिल्लू पळतंय."

शिंप्याच्या मुलीची नजर. इतकं बारीक काम मी कधी पाहिलं नव्हतं. "तुम्ही बांधल्यात?"

"नाही," म्हणाले आणि डबा बंद केला.

बाकीचं मला एका कोळणीने सांगितलं. ती रोज सकाळी टोपली घेऊन दारात यायची. एकदा बोंबील निवडताना मी तिला सहज म्हटलं, "आमचे हे एवढे मासे धरतात आणि सोडून देतात, आणि मी तुझ्याकडून विकत घेते."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुला कुनी सांगलं न्हाय?"

"काय?"

"ह्याच खाडीत गेली ती. दिघीला तिचा भाऊ आजारी व्हता. पावसाचे दिस, पल्याड नेनारी तर बंद. हिनं एका होडीवाल्याला हातापाया पडून तयार केला. मधल्या धारेत होडी उलटली. होडीवाला पवून आला. ती न्हाय आली."

"मग सापडली कुठे?"

"सापडली न्हाय. माझा दादला नि समदे आठ दिस जाळी टाकत व्हते. महिनाभर आमच्या घरात ह्या खाडीचं मासं शिजलं न्हाय." मग हलक्या आवाजात म्हणाली, "तुझा मानूस अजून खात न्हाय."

त्या दिवसापासून मला संध्याकाळची धास्ती बसली. काठी वाकली की माझा जीव वर येई. पाण्यातून काय येईल, असं वाटे. मासा दिसला की सुटल्यासारखं होई. ह्यांना मात्र मी काही विचारलं नाही, आणि त्यांनीही काही सांगितलं नाही.

दिवाळीनंतर एका मोठ्या जिताड्याने दोरीच्या टोकाची तात तोडली आणि माशी घेऊन गेला. हे घरी आले, डबा उघडून उरलेल्या तेरा बघत बसले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हा मला कळलं, त्या कोणी बांधल्या होत्या. माझ्या मनात एवढंच आलं की ह्या संपल्या तर ह्यांचं काय होईल. मला धागा कळतो, सुई कळते. एखादी उसवून बघितली तर मला तशी बांधता येईल.

हे कचेरीत असताना, भर दुपारी, मी कडेची एक माशी काढली. वडिलांनी दिलेल्या छोट्या कात्रीने शेवटची गाठ कापली आणि वेढे उलगडायला लागले. पहिल्यांदा लक्षात आलं ते हे, की वेढे उलटे होते. माझा हात ज्या बाजूने धागा गुंडाळेल त्याच्या विरुद्ध. पिसं निघाली, जर निघाली. खाली गळाच्या दांडीवर काळा धागा घट्ट बसवलेला होता. तो उलगडला तर संपेना. उजेडात धरला. धागा नव्हता. तीन केस एकत्र पिळलेले होते, माझ्या हाताएवढे लांब.

मी ते तसेच पाटावर टाकून बाहेर गेले आणि विहिरीच्या काठाशी उभी राहिले. ऊन लखलखीत होतं. खाली धक्क्याला तर लागली होती, माणसं चढत-उतरत होती. बऱ्याच वेळाने मी परत आत आले, कारण हे यायच्या आत ती माशी जाग्यावर असायला हवी होती.

केस पुन्हा गुंडाळायला गेले तर ते तुटू लागले. मी ते कागदाच्या पुडीत बांधून माझ्या करंड्यात ठेवले आणि वडिलांच्या रिळाचा काळा धागा घेतला; जुनी जरही उसवताना तुटली होती, ती लग्नातल्या शालूच्या काठातून काढली. उजव्या हाताने तसे उलटे वेढे बसेनात. दोनदा बांधलं, दोनदा सोडलं. मग शेगडा फिरवून घेतला आणि डाव्या हाताने सुरुवात केली. डावा हात चुकला नाही, आणि हे यायच्या आत माशी डब्यात जाग्यावर गेली. जन्मात कधी त्या हाताने मी सुईसुद्धा धरली नव्हती. तो एवढा सरळ कसा चालला, हे मला आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी कोळीण आली तेव्हा मी विचारलं, "ती डावखुरी होती का?"

तिने टोपली खाली ठेवली. "तुला कुनी सांगलं?"

"कोणी नाही."

"मंग कसं ठावं?"

मी बोंबील निवडायला घेतले. पुढचे आठ दिवस ती आमच्या दारावरून गेली, पण थांबली नाही.

मी मात्र दुपारी बांधायला बसू लागले. घरचाच कोंबडा होता, त्याची पिसं घेतली. शालूच्या काठातून आणखी थोडी जर काढली. खिडकीपाशी पाट मांडून बसे. बसले की वाटे, समोर कोणीतरी आहे. डोळ्यांना दिसत काही नसे. पण माझा एखादा वेढा सैल पडला की मान वर करून बघावंसं वाटे, शिकवणारं माणूस समोर असावं तसं. एकदा उजेड नीट यावा म्हणून मी खिडकीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले आणि लगेच उठले. ती जागा रिकामी नाही, असं वाटलं.

थंडी संपत आली तेव्हा एका संध्याकाळी हे नेहमीपेक्षा लवकर परतले. काठी दाराशी टेकवली आणि हातातली माशी चिमणीच्या उजेडात धरून, कचेरीतलं भिंग लावून बघत बसले. मी चुलीपाशी होते.

"ही तिची नाही," हे म्हणाले. लग्नानंतर 'ती' हा शब्द पहिल्यांदा घरात आला. "जर नवी आहे. पण वेढे तिचेच आहेत."

मी हात पुसले आणि समोर जाऊन बसले. "मी बांधली. एक उसवली होती."

ते रागावले नाहीत. नुसते माझ्या हातांकडे बघत होते. मला वाटलं, आता लपवण्यात अर्थ नाही. मी करंड्यातली पुडी आणून त्यांच्यापुढे उघडली.

"आत हे होतं," मी म्हटलं.

त्यांना ते माहीत नव्हतं. बराच वेळ त्यांनी त्या केसांना हात लावला नाही. मग म्हणाले, "साहेबाच्या माश्या बघून ती बांधायला शिकली. मग रेशीम संपलं. साहेब गेल्यावर तसलं पुन्हा मिळालं नाही. मी तिला विचारलं होतं, आता कशाने बांधतेस? तर म्हणाली, आहे माझ्याकडे."

"सगळ्यांमध्ये असेल?"

"असेल." ते खाडीच्या बाजूला बघत होते. "दर वर्षी दोन-तीन तुटून जातात. मी तिला त्याच पाण्यात टाकत होतो."

त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही.

मला नंतर कळलं, ती गेल्यावर मुरूडच्या भटजींनी ह्यांना सांगितलं होतं की देह मिळत नाही तेव्हा दर्भाची आकृती करून, डोक्याच्या जागी नारळ ठेवून तिला अग्नी देतात. ह्यांनी नकार दिला होता. गवत जाळून बायको गेली असं मी कसं म्हणू, असं म्हणाले होते. दिघीच्या मेव्हण्याशी त्यावरूनच बोलणं तुटलं होतं. आता सकाळी उठून मला म्हणाले, "उरलेल्या सोडवून देशील?"

तीन दुपारी आम्ही दोघं खिडकीपाशी बसलो. मी उसवायचे, ते भिंग धरायचे. एकेका माशीतून दोन-तीन केस निघत. काही अर्ध्यात तुटत. मग तुकडे चिमट्याने गोळा करायचे. सगळ्या झाल्यावर पानाच्या द्रोणात जे जमलं ते सुपारीएवढं होतं. एवढ्या कामात ह्यांनी एकदाच तोंड उघडलं. म्हणाले, "केसांना फार जपायची."

विधी सकाळी खाडीच्या काठावर झाला. भटजी आले आणि दिघीहून तिचा भाऊ आला. त्या वेळच्या दुखण्यातून उठलेला, पण अजून काठी टेकत चालणारा माणूस. केस नारळावर ठेवले तेव्हा तो मोठ्याने रडला. हे रडले नाहीत. अग्नी देताना हात मात्र एकदा मागे आला.

घरी मी पानं मांडली आणि वाढायला घेतलं. भाऊ माझ्याकडे टक लावून बघत होता.

"काय हवं?" मी विचारलं.

"काही नाही, ताई," तो म्हणाला. "तिलाही आमची आई ओरडायची, डाव्या हाताने वाढू नको म्हणून."

मी खाली बघितलं. पळी माझ्या डाव्या हातात होती. ह्यांनी ताटावरून मान वर केली नाही. मी पळी उजव्या हातात घेतली आणि आमटी वाढली.

त्यानंतर ह्यांचं मन शांत झालं. रात्री झोपेतून उठून दारात जाऊन बसायचे, ते थांबलं. काठी ते पुन्हा वापरू लागले आणि मी बांधलेल्या माश्या नेऊ लागले. पण माझं मात्र उलटं झालं. माझी बाजू कोणी विचारली नाही आणि सांगण्यासारखं होतं तरी काय? तिला मी पाहिलं नव्हतं, आवाज ऐकला नव्हता, तिचा फोटोही घरात नव्हता. तरी गाठ संपवताना ती कुठे धागा दातात धरायची, कुठे घाई करायची, कुठे कंटाळायची, हे मला तिच्या नवऱ्यापेक्षा जास्त कळलं होतं. विधी करून त्यांनी तिला निरोप दिला. मला निरोप द्यायची रीत कुठल्या पोथीत नव्हती. मी उजव्या हाताने बांधायचा खूप प्रयत्न केला. त्या माश्या पाण्यात आडव्या पडत. मग तो नाद सोडला.

सात-आठ वर्षांनी ह्यांची बदली श्रीवर्धनला झाली. तोवर मी एकदाही खाडी ओलांडली नव्हती. पेणला जायचं तर मुरूडवरून रस्त्याने जायचे. आता ट्रंका, भांडी, पाटा-वरवंटा घेऊन दिघीच्या लाँचमध्ये बसलो. पाणी संथ होतं. मधल्या धारेत आलो तेव्हा यंत्राचा आवाज बदलला आणि मी कठडा घट्ट धरला. हे माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"तिला हिंग चालायचा नाही," हे एकदम म्हणाले. "वासाने डोकं दुखायचं. आमटीत मी वरून घालून घ्यायचो."

मी म्हटलं, "हो?"

"हो. आणि शिट्टी फार छान वाजवायची. घरात परकं कोणी नसलं की."

ते धक्का येईपर्यंत बोलत होते. काय काय सांगितलं ते सगळं आता आठवत नाही. मी ऐकत होते. मग लाँच दिघीला लागली आणि हमाल ट्रंका उचलायला आत आले.